पुढच्या सीटचा मान

श्री. त्र्यंबकरावांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण चाकांवरून होतं. हे आधीच सांगून टाकते. या गौरवग्रंथाच्या समितीचे अध्यक्ष, आमच्या राजवाडा गल्लीतले सर्वांत वडीलधारे नरसिंगराव काका, यांनी मला फोनवर बजावलं आहे की अंबुजा, लेख गोड लिही, आणि त्या आयुधपूजेबद्दल त्यात एक अक्षर नको. काकांबद्दल मला आदर आहे. पण गोड लिहिणारी माणसं समितीकडे पुष्कळ आहेत. मला राग आलेला आहे, आणि राग आला की मला खोटं लिहिता येत नाही. त्र्यंबकरावांच्या पंचाहत्तरीला त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही, तर मग लिहायचं तरी काय? त्यांचं धोतर किती पांढरं असतं ते?

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्यातल्या बऱ्याच मराठी माणसांना देवनागरी वाचता येत नाही. म्हणजे हा लेख कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार. छान झालं. वाचणाऱ्यानं आवाज चढवून वाचावा आणि मधलं काही गाळू नये, एवढीच विनंती.

मी पापनाशमची भातगिरणीवाली अंबुजा. वडिलांच्या मागे गिरणी मीच चालवते. मला गाड्यांचा नाद आहे. माझ्याकडे एक अमेरिकन मसल कार आहे: लांबच लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, सगळा जोर मागच्या चाकांना, आणि अंगानं म्हशीसारखी जड. सवड मिळाली की ती मी चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर नेते आणि मनसोक्त पळवते. आपल्यातल्या बाईनं असली गाडी पळवावी की नाही यावर गल्लीत पुरेशी चर्चा होऊन गेली आहे. ती आता परत नको.

गाडी आली त्याच सुमारास मी तिच्यासाठी नवी चाकं घेतली होती. कोइमतूरच्या एका दुकानदारानं फोटो दाखवून गळ्यात मारली. मोठाली, वीस इंची, तोंड बघून कुंकू लावावं इतकी चकचकीत. "मॅडम, ट्रॅकसाठी म्हणजे हीच," असं तो अगदी देवाची शपथ घेतल्यासारखा म्हणाला. ती बसवून कोण देणार, याची चौकशी केली तेव्हा कळलं की पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवून निवृत्त झालेले, तरुणपणी रॅली मारलेले, आपल्यातलेच एक गृहस्थ तिरुवैयारूला कावेरीकाठी शेड टाकून बसले आहेत. मी चाकं टेम्पोत घातली आणि गेले.

शेडमध्ये धोतर आणि खाकी शर्ट घातलेले त्र्यंबकराव, म्हणजे मामा, उभे होते. आमच्याकडे वडील माणसाला मामाच म्हणतात. त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं.

"ही चाकं कोणाच्या लग्नातली गे?"

"ट्रॅकवर चालवायची आहेत," मी म्हटलं.

"ट्रॅकवर? मज वाटलं वरातीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मामा, बसवायची असतील तर बसवा, नाहीतर मी दुसरा कोणी बघते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बघ. आणि त्याला सांग, चाकं बसवून झाली की पहिल्या फेरीला माझ्या शेजारी बस म्हणून. बसला तर घे बसवून त्याच्याकडून."

हा त्र्यंबकरावांचा नियम आहे, आणि हा लेख ऐकणाऱ्यांनी तो नीट लक्षात ठेवावा. ज्या गाडीची चाकं ते स्वतः बसवतात, तिच्या पहिल्या फेरीत चालवणाऱ्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर, ते स्वतः बसतात. कॉलेजमध्ये शिकवत असतानाही त्यांचा हाच शिरस्ता होता. आपण केलेल्या कामावर आपला जीव ठेवायचा नसेल तर दुसऱ्याचाही ठेवू नये, एवढंच त्यामागचं तत्त्व. त्याला कुणी मूल्यबिल्य म्हणावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ते त्याला हिशोब म्हणतात.

मी परत जायला वळले, तर म्हणाले, "एक चाक उतरव. उचल."

मी उचललं. गिरणीत पोती उचललेल्या माझ्या हातांनाही ते जड गेलं.

"हे वजन सीटवरचं नाही, जमिनीवर आपटणारं आहे," मामा म्हणाले. "प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला हे वर उसळणार, आणि स्प्रिंगनं ते परत खाली दाबायचं. आधीच गाडी म्हैस, त्यात तिच्या पायात दगड बांधतेस? आणि एवढं मोठं चाक घेतलंस की टायरला जागा उरते चपातीच्या जाडीएवढी. ट्रॅकच्या कडेला एकदा चढलीस की रिमचा झाला अप्पळम."

अप्पळम म्हणजे आपला पापड. मला हसू आलं नाही. मी विचारलं, मग केवढं घ्यायचं? तर म्हणाले, ब्रेक ज्याच्या आत मावेल असं सर्वांत लहान, टायर नीट पसरेल इतकं रुंद, आणि सोसवेल तितकं हलकं. दिसायचं काय ते माणसाचं बघावं, चाकाचं नको. मग त्यांनी चाकाच्या मधल्या भोकात बोट घातलं. गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं, त्या हबपेक्षा ते भोक चांगलंच मोठं होतं.

"ते नट धरतील की," मी दुकानदाराचंच वाक्य ऐकवलं.

आणि मग जे काही झालं! पॉलिटेक्निकच्या मागच्या बाकावरच्या मुलांनासुद्धा इतकं ऐकावं लागलं नसेल. नट चाकाला दाबून धरण्यासाठी असतात, मामा ओरडत होते, मध्यावर बसवण्यासाठी नाही. मध्यावर हब बसवतो. आणि दाबून धरायचं म्हणजे लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे, मध्ये कागदसुद्धा चालणार नाही, रंगाचा थर चालणार नाही, गंज चालणार नाही. चाकाची पाठ आणि हबचं तोंड कोरडं, स्वच्छ, एकमेकांना चिकटून. ते दोन शेजारी नीट बसले तरच नट कामाचा.

तेव्हा मला ते सगळं अती वाटलं होतं. पुढे काय झालं ते सांगतेच.

ती लग्नातली चाकं गिरणीच्या माळ्यावर गेली. मामांनी सांगितलेल्या मापाचं एकच चाक आधी मागवलं, नमुना म्हणून. अठरा इंची, रुंद, करड्या रंगाचं, बघायला अगदी कुरूप. ते बसतं की नाही हे तपासायची त्यांची पद्धत मी आजही तशीच वापरते. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातून पोळीची कणीक मागवली. तिच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागावर, चिकटवल्या, चाक चढवलं, हातानं सावकाश फिरवलं, परत काढलं. गोळी किती चपटी झाली यावरून आत किती जागा उरते ते कळतं. एक गोळी पार कागदासारखी झाली होती. मामांनी मान हलवली. "गरम झालं की ब्रेक फुगतो आणि चाक वाकतं. एवढी जागा पोदुम नाही." म्हणजे पुरेशी नाही. ते चाक परत गेलं आणि आऱ्यांचा घाट वेगळा असलेलं दुसरं आलं.

मग कोलमाचं पीठ. दारात रांगोळी घालायचं तेच तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यांनी मडगार्डच्या आतून सगळीकडे लिंपलं आणि वाळू दिलं. माझ्या गिरणीतली भाताची पोती गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत रचायला लावली, इतकी की गाडी ढेकर देत खाली बसली. तरी त्यांचं समाधान नाही. स्प्रिंग काढून, जॅकनं चाक वर जाईल तितकं वर नेलं, आणि मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. जिथे पीठ खरवडलं गेलं तिथे टायर घासतो. पुढच्या डाव्या बाजूला एक पांढरी रेघ पुसली गेली होती, करंगळीच्या नखाएवढी.

"एवढंसं तर आहे," मी म्हटलं.

"एवढंसंच आहे म्हणून आत्ता बघतो," मामा म्हणाले. "उद्या ते मोठं झालं की तू बघणार नाहीस, लोक तुला बघायला येतील."

चाक आत किती बसावं आणि बाहेर किती, ज्याला ऑफसेट म्हणतात, ते माप त्यांनी त्या रेघेवरून बदलायला लावलं. असं करत करत चार चाकं ठरली आणि मागवली. ती आली नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. आणि इथून पुढे काकांनी नको म्हटलेलं सुरू होतं.

आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमीची पूजा, आपल्याकडे गल्लीची एकत्र असते. शिकवणाऱ्यांची पुस्तकं, शिवणाऱ्यांची मशीन, कुणाचे पाने, कुणाचा कॉम्प्युटर, सगळं मांडून गंध-कुंकू लागतं, आणि मग सगळ्यांची पंगत. मामांनी मला सांगून ठेवलं होतं की चाकं पूजेला ठेव, हवं तेवढं गंध बाहेरून लाव, पण बसवायला मी येतो. माझ्याशिवाय नको. मी हे सर्वांच्या देखत तिथे सांगितलं आणि चाकं केळीच्या पानांवर मांडली. तेवढ्यात बायकांनी मला आत ओढलं. गाडी थांबेल, पोळ्या थांबणार नाहीत म्हणे! मी पोळ्या लाटत बसले.

तिरुवैयारूची बस उशिरा आली. बाहेर राहुकालम लागायला आला होता. राहुकालम सुरू व्हायच्या आत नवी चाकं गाडीला लागलीच पाहिजेत, असं नरसिंगराव काकांनी ठरवलं. एवढंच नाही. काका म्हणाले, कपाळाला गंध कोणीही लावेल, चाकाचा गाभारा आत आहे, तिथे लावा. त्यांनी स्वतः उगाळलेलं चंदन, चांगलं घट्ट, बोटभर जाडीचं, चारही हबच्या तोंडावर आणि चारही चाकांच्या पाठीवर लिंपलं. मध्ये कुंकवाचा ठिपका. मग गल्लीतल्या उत्साही मंडळींनी डिकीतला पाना घेऊन चाकं चढवली. त्या गंधावर. ओल्या गंधावर!

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा चाकं लागलेली होती, बॉनेटवर हार होता, आणि पुढच्या सीटवर काका बसले होते. सर्वांत वडील माणसाला पहिला मान, हा आपला रिवाज. मामा आलेले दिसले नाहीत, पण सगळे म्हणाले, अगं हळूच कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत ने आणि आण, मग बायपासवर जोरात फिरवून आण काकांना. चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती फुटली. मी पायी चालल्याच्या वेगानं देवळापर्यंत नेली आणि परत आणली. परत आले तर मामा दारात उभे. बसमधून उतरून नुकतेच आले होते. हातात त्यांची कापडी पिशवी.

त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं. आऱ्यांच्या मधून, हबच्या कडेनं, पिवळं गंध पिळून बाहेर आलं होतं.

"कोणी बसवली?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"नरसिंगा, उतर."

काकांना नुसत्या नावानं हाक मारलेली त्या गल्लीत कोणी ऐकली नव्हती. काका म्हणाले, राहुकालम लागला आहे, आता चाकाला हात लावू नको. मामा पुन्हा म्हणाले, "उतर खाली म्हणतो ना!" आणि दार उघडून त्यांनी काकांना दंडाला धरून उतरवलं. मग ते पायातल्या चपलांसकट कोलमावर बसले आणि पुढच्या चाकाच्या नटाला हात घातला. तो फिरला. पाना न लावता फिरला. त्यांनी मला बोलावलं. "अंबू, हात लाव."

मी दोन बोटांनी फिरवला. देवळापर्यंतच्या त्या गोगलगायीच्या फेरीत नट सैल झाला होता. ओलं गंध मध्ये असताना नट आवळला की तो घट्ट लागतो. चाक फिरायला लागलं की गंध पिळून बाहेर येतं, त्याच्या जाडीएवढी जागा मोकळी होते, आणि नटाला धरायला काही उरत नाही. बायपासवर, पूर्ण वेगात, त्या म्हशीचं पुढचं चाक कुठे गेलं असतं आणि काका कुठे गेले असते आणि मी कुठे, हे मला तिथे त्या कोलमावर उभ्या उभ्या कळलं.

मामांना पुसायला कापड हवं होतं. जवळ होतं ते पूजेच्या तबकातलं, देवीपुढे ठेवलेलं नवं वस्त्र. ते त्यांनी उचललं, पेट्रोलमध्ये बुडवलं आणि चारही हबवरचं, चारही चाकांवरचं गंध त्यानं पुसून काढलं. मग पिशवीतून किती जोरानं आवळलं ते दाखवणारा त्यांचा पाना काढला, समोरासमोरचे नट धरत एकेक आवळला, आणि सगळे पुन्हा तपासले.

काकांनी त्या वस्त्राकडे बोट केलं. "देवाचं गंध पेट्रोलनं पुसतोस, त्र्यंबका?"

"देव बसणार नव्हता रे त्या सीटवर," मामा म्हणाले. "तू बसणार होतास."

मी तुम्हाला विचारते, या वाक्यात अपमान कुठे आहे? मला तर त्यात काळजीशिवाय काही ऐकू आलं नाही. पण गल्लीला ऐकू आला. अपशकुन केला, देवीचा अवमान केला, वडील माणसाला गाडीतून ओढून काढलं. मी घसा फोडून सांगत होते की नट सैल होता, मी स्वतः फिरवला. कोण ऐकतो? सगळे मला म्हणाले, तू शांत हो. पंगत बसली. मामांचं पान मांडलेलं होतं, माझ्या शेजारीच. ते पान उचललं गेलं. मांडलेलं पान! कोणी उचललं त्याचं नाव मी लिहीत नाही, पण डोळ्यांनी कोणी सांगितलं ते मी पाहिलं. मामा पिशवी उचलून बस स्टँडकडे गेले. मीही जेवले नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला ट्रॅकवर जायचं होतं. मी मामांना फोनसुद्धा केला नाही, कुठल्या तोंडानं करणार? सकाळी ट्रॅकवर पोचले तर पार्किंगमध्ये सिमेंटच्या कट्ट्यावर मामा बसलेले. रात्रभर बसनं आले होते. पिशवीत तो पाना आणि डब्यात मामींनी दिलेला दहीभात, दोघांना पुरेल इतका. "नवी चाकं पहिल्या फेरीनंतर परत आवळावी लागतात," एवढंच म्हणाले, जणू पंगत, पान, गल्ली काही झालंच नव्हतं. मग हेल्मेट घालून पुढच्या सीटवर बसले. त्या दिवशी मी आयुष्यात चालवली नाही तशी गाडी चालवली. सरळ रस्त्याच्या शेवटाला ब्रेक दाबला तेव्हा शेजारून आवाज आला, "अजून उशिरा दाबलास तरी चालेल. चाकं जागेवर आहेत."

या माणसाबद्दल मी खरं नको, गोड लिहावं, असं मला सांगितलं जातं!

तेव्हापासून आजतागायत आयुधपूजेच्या पंगतीचं निमंत्रण तिरुवैयारूला गेलेलं नाही. आणि आता मामा पंचाहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा समितीला ते आठवले. हार, शाल, हा ग्रंथ, सगळं आहे. फक्त एक बारीकशी अट आहे, आणि ती काकांनी मला फोनच्या शेवटी, अगदी सहज सांगितली. शाल घेतल्यावर त्र्यंबकनं व्यासपीठावर दोन शब्द दिलगिरीचे बोलावेत. मग सगळं विसरून त्याचं पान पंगतीत मांडू.

हा लेख मी तेव्हाच लिहायला बसले असते. पण आधी मामांकडे गेले. मला वाटलं, ते ऐकून शेड डोक्यावर घेतील.

मामा चुलीशी, म्हणजे गॅसशी, एकटेच रसम गरम करत उभे होते. मामी गेल्यापासून स्वतःच करतात. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणतो गे दिलगिरी. काय जातं?"

मी ओरडले. होय, पंचाहत्तर वर्षांच्या माणसावर मी ओरडले, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. मी म्हटलं, कसली दिलगिरी? ते गंध तसंच राहू द्यायला होणा, म्हणजे हवं, होतं का? मी म्हटलं, उद्या परत तसंच झालं तर काय कराल?

"पुसणार."

"त्याच वस्त्रानं?"

"हाताशी जे असेल त्यानं."

"मग माफी कशासाठी मागताय?"

त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूक लागली आहे, अंबू. मामी होती तोवर चाललं. आता रोज एकट्याचं पान मांडतो. मज पंगत होणा."

मी परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रडले, आणि रडून झाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त राग आला. अपघात झाला असता तर गल्लीनं मामांना डोक्यावर घेतलं असतं, माझ्या आणि काकांच्या फोटोंना हार घालून गल्ली म्हणाली असती, त्र्यंबकराव वेळेवर पोचले असते तर! ते वेळेवर पोचले, हाच त्यांचा गुन्हा. जो अपघात झालाच नाही त्याचा पुरावा मी आणू कुठून? ज्यांचा जीव वाचला ते अध्यक्षाच्या खुर्चीत बसले आहेत, आणि ज्यांनी वाचवला ते भुकेपोटी त्यांची माफी मागायला तयार झाले आहेत. हे मला सहन होत नाही. कोणाला होत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं.

काकांबद्दल मी एक गोष्ट मान्य करते. गंध त्यांनी लावलं आणि पुढच्या सीटवर तेच बसले. मामांचा नियम त्यांनी नकळत का होईना पाळला, आणि मनात कपट असलेला माणूस असं करत नाही. त्यांची देवावर श्रद्धा होती, ती मी चूक म्हणत नाही. चूक आहे ती त्यानंतरच्या वर्षांची.

म्हणून माझं निमंत्रण. सत्काराच्या दिवशी माझी गाडी हॉलच्या दारात जॅकवर उभी असेल, चारही चाकं खाली काढलेली. देवीचं ते वस्त्र माझ्याकडेच आहे, डिकीत घडी घालून. प्रत्येक वेळी चाक चढवण्याआधी हबचं तोंड मी त्यानंच पुसते. त्या दिवशी मी उगाळलेलं चंदनही आणीन, घट्ट, बोटभर. चाकं मामा बसवतील. पुढची सीट खरं तर त्यांची आहे, पण त्या दिवशी तो मान काकांचा. आधी बायपास, पूर्ण वेगात, मग शाल. काकांनी गाडीत बसण्याआधी सर्वांसमोर मला एवढंच सांगायचं आहे: हबवर गंध लावू, की लावलेलं पुसू? काका, लाव म्हणालात तर लावते, तुम्ही बसा, परत आल्यावर मामा माफी मागतील. पूस म्हणालात तर त्या वर्षी उचललेलं पान आधी मांडा.

मामा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे दुखायचे थांबोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि माझ्यावर ओरडायला तुमच्या घशात अजून पुष्कळ वर्षं बळ राहो, कारण मला नवे टायर घ्यायचे आहेत आणि तुम्ही ते नापसंत करणार हे मला माहीत आहे. त्या दिवशी दिलगिरीचा एक शब्दही बोललात तर मी व्यासपीठावर येऊन माइक काढून घेईन. भूक लागली असेल तर सरळ येऊन बसा. पान माझ्या शेजारी मांडलेलं आहे, आणि या वेळी ते उचलायला कोणी आलं, तर त्यानं आधी माझं उचलावं.